पाणी मागायची माझी सवय

माझ्या सुनेचा एक ठरलेला विनोद आहे. घरी कुणी आले की ती सांगते, "आमच्या आईंना जगात काहीही मागायला लावा, फक्त पाणी मागायला लावू नका." तिचे खोटे नाही. दुसऱ्याच्या घरी घसा कोरडा पडला तरी मी गप्प बसून राहते. कुणी दिले तर पिते, नाहीतर घरी येऊन पिते. लोकांना वाटते, म्हातारी सोवळ्याची असेल. सोवळे माझ्या घराण्यात कुणी पाळले नाही. या सवयीच्या मागे चाकणजवळच्या निघोज्याचे एक घर आहे, आणि त्या घराबद्दल आज प्रथमच लिहिते आहे. नावे बदलली आहेत, आणि जिची ही हकीगत आहे तिला विचारूनच लेखणी हातात घेतली आहे.

आधी माझी नोकरी सांगते. मी बालन्यायालयाकडे प्रोबेशन ऑफिसर होते. हुद्दा भारदस्त वाटतो, पण काम पायांचे. पुण्यात आमच्या संस्थेत पोरकी, टाकलेली, स्टेशनावर सापडलेली मुले येत. त्यांतल्या काहींना न्यायालय एखाद्या कुटुंबाकडे सांभाळायला देई. हे दत्तक नव्हे. दत्तक घेतलेले मूल तुमचे होते, पण इथे मूल कोर्टाचेच राही, तुमच्याकडे फक्त ठेवलेले. आणि ठेवलेले मूल नीट आहे ना, हे दर दोन-तीन महिन्यांनी जाऊन बघायला कोर्टाने मला ठेवलेले. माझ्याकडे पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा होता. आज तिथे कंपनीच्या शिफ्टवर घड्याळे लागतात. ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. तेव्हा पिंपरीत निर्वासितांची वस्ती आणि औषधांच्या कारखान्याचे बांधकाम होते, आकुर्डीत ज्वारी आणि चाकणला कांद्याचा बाजार. चिंचवडपर्यंत रेल्वे किंवा चाकण रस्त्याला एस.टी., आणि पुढे माझ्या चपला.

भेटीला जाण्याआधी त्या घरी पोस्टकार्ड टाकायचे, असा नियम होता. ज्याने तो केला त्याने एकही भेट दिली नसावी. मी पोचेपर्यंत मुलाच्या डोक्याला वाटीभर तेल थापलेले, अंगात घडीच्या रेघा न मोडलेले कपडे आणि माझ्यासाठी शिऱ्याची बशी. "इथे बरं वाटतं का रे?" म्हटले की मूल शाळेतली कविता म्हणावी तसे "मी इथे सुखात आहे" म्हणे. यातून खरे कसे काढायचे? मी माझ्यापुरती एक युक्ती शोधून काढली. बसल्याबसल्या मोठ्या माणसांकडे न बघता मुलालाच म्हणायचे, "बाळ, मला पाणी आण बरं." मग कान आत लावून गप्प बसायचे. मूल सरळ उठते की कुणाच्या तोंडाकडे बघते? भांडे कुठे आहे ते त्याला ठाऊक आहे का? माठाला हात लावायची त्याला मुभा आहे का? नवे कपडे पोस्टकार्ड आल्यावर शिवता येतात. पाण्यापर्यंतची पायवाट घरात राहूनच पडते.

चिंचवडला सायकली दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडे हनीफ नावाचा मुलगा ठेवला होता. मी पाणी मागितले. पठ्ठ्या उठला, माठाशी गेला, आधी स्वतः गटागटा प्याला आणि त्याच पेल्यात भरून माझ्यासमोर धरला. चाचांनी कपाळावर हात मारला, "अरे, मेहमान को पहले!" मी तो उष्टा पेला आनंदाने रिकामा केला आणि वहीत लिहिले, घरात रुळला आहे.

ताथवड्याला उलटे झाले. मुलीच्या अंगावर रेशमी परकर, केसांत अबोली. पाणी मागितले तेव्हा ती दारात अडखळून म्हणाली, "बाई, पुढच्या भांड्यात आणू का मागच्या?" मी उठून मागे गेले. गोठ्याच्या भिंतीला एक ताटली आणि एक पेला टांगला होता. मुलीची जात माहीत नाही म्हणून ती गोठ्यात जेवत होती, गोठ्यात झोपत होती. मी तिला घेऊनच परतले. आमच्या अधीक्षकांनी ती गोष्ट नव्या लोकांना सांगायला सुरुवात केली. माझी मान ताठ झाली ती तशीच राहिली. आता वाटते, त्या कौतुकाने माझे डोके बिघडवले.

निघोज्याला सखाराम आणि सोनाबाई हे जोडपे होते. मूलबाळ नाही, इंद्रायणीकाठी थोडी बागायत. त्यांच्याकडे छबू नावाची आठ वर्षांची मुलगी दिली होती. तिच्या फायलीत, तिला आणून सोडणाऱ्या माणसाने सांगितलेली एकच ओळ होती : आई मयत, वडील परागंदा, जात माहीत नाही. देण्यापूर्वी ती आमच्याकडे जेमतेम तीन आठवडे होती, तेही ताप असल्याने आजाऱ्यांच्या खोलीत खाटेवर. तिच्याविषयी आम्हाला काही म्हणता काही ठाऊक नव्हते, पण तसे ते कोणत्याच मुलाविषयी नसे.

पहिल्या भेटीत छबूचे गाल भरलेले दिसले. मला बरे वाटले. मी म्हटले, "छबू, पाणी आण बरं."

ती जागची हलली नाही. सोनाबाई मात्र ताडकन उठली. "तुमी बसा बाई, मी आनते."

"छबू आणेल की."

"न्हाई, मीच आनते," असे म्हणून ती आत गेलीसुद्धा. सखाराम जमिनीकडे बघू लागला. माझ्या कानांत ताथवडे वाजले.

दुसऱ्यांदा मी नियम मोडला. पोस्टकार्ड टाकलेच नाही. दुपारी अचानक दारात उभी राहिले तर छबू ओसरीवर शेंगा फोडत होती आणि तिच्या बाजूच्या कोनाड्यात एक लहानसा पितळी लोटा होता. स्वयंपाकघरात रांजण होता, त्याच्यावर घरातला तांब्या होता, आणि हा लोटा एकटा बाहेर. मला विचारायचीही गरज नव्हती, पण विचारले.

"हा कुणाचा?"

"तिचा हाय," सोनाबाई म्हणाली.

"वेगळा का?"

"तिला त्योच लागतो."

"रांजणातलं पाणी ती घेत नाही?"

सोनाबाईने एकदा छबूकडे पाहिले. "न्हाई घेत."

"का?"

"न्हाई घेत, बाई."

मी छबूला घेऊन बांधापर्यंत गेले. एकटीला विचारायचे, असे आमचे शास्त्र. मी खाली बसून तिचा हात हातात घेतला आणि विचारले, "खरं सांग. घरातल्या पाण्याला तुला हात लावू देतात का?" आज कुणा नवशिक्याने असा प्रश्न विचारला तर मी त्याचे कान उपटीन, कारण त्यात उत्तर आधीच घालून ठेवलेले आहे. छबूने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग म्हणाली, "आई म्हनती, तू पान्याला हात न्हाई लावायचा."

ते वाक्य मी तिथेच बांधावर वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले आणि 'हात न्हाई लावायचा' याखाली दोन रेघा मारल्या. माझा अहवाल त्या वाक्याभोवती उभा राहिला. न्यायालयाने तीन दिवसांत हुकूम दिला : चौकशी होईपर्यंत मुलीला संस्थेत परत आणावे.

न्यायला गेले तेव्हा गावचे पोलीस पाटील बरोबर होते. मी हुकूम वाचून दाखवला. सोनाबाई भाकरी थापत होती, पिठाच्या हातांनीच उठली. रडली नाही, ओरडली नाही. "आमचं काय चुकलं?" एवढेच विचारले.

मी म्हटले, "ते तुमचं तुम्हाला माहीत आहे." माझ्या पूर्ण नोकरीत मी बोललेले हे सर्वांत वाईट वाक्य.

सखाराम पुढे आला. "आगं, सांग की त्यास्नी! सांग एकदाचं!"

"न्हाई," सोनाबाई म्हणाली. छबूकडे बघत म्हणाली, आणि नवऱ्याला तिने हाताने मागे सारले. मला वाटले, गुन्हा कबूल करायची लाज. छबूने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली होती. तिची बोटे मी एकेक करून सोडवली. एस.टी. मोशीच्या पुलावर आली तसे तिने माझ्या मांडीत तोंड खुपसले आणि पूल सरेपर्यंत वर काढले नाही. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मला वाटले, पोर माझ्यावर विसंबली. आपण एका मुलीला सोडवले या समाधानात मी त्या रात्री शांत झोपले, हेही लिहून टाकते.

चौथ्या दिवशी दुपारी शिपाई सांगत आला, फाटकाशी एक खेडवळ बाई बसली आहे, हलत नाही. मी तावातावाने गेले. सोनाबाई होती. विनवण्या ऐकायची माझी तयारी होती, त्यांची उत्तरेही तयार होती. तिने विनवणी केलीच नाही. पदरातून फडक्यात बांधलेला तो पितळी लोटा काढला.

"ह्यात द्या तिला पानी. अर्धाच भरा. भरून दिला तर न्हाई घ्यायची. आन हातात द्या, तिला घ्यायला लावू नगा. चार दीस झालं, पोर पानी पीत नसंल."

"का पीत नसेल?"

तिने मागेपुढे पाहिले. छबू आसपास नाही याची खात्री केली.

"तिच्या आईनं तिला कडंवर घेऊन हिरीत उडी टाकली हुती, बाई. लोकांनी पोर काढली. आई न्हाई निघाली. मला एकदा झोपंत बोलली, मंग हळूहळू समदं सांगितलं. रांजनात वाकली की तिला आई दिसती. अंग ताठतं तिचं. मंग मीच म्हनलं, तू पान्याला हात न्हाई लावायचा. मी हाय न्हवं, मी दिईन."

मी फाटकाच्या कट्ट्यावरच बसले. "अहो, मग मला का नाही सांगितलंत? इतकं विचारलं मी!"

"पोरीला शबूद दिला हुता, कुनाला सांगनार न्हाई. आन तुमी लिवनार. कोरट म्हनंल, पोर येडी हाय, घाला येड्यांच्या इस्पितळात. तिथनं कोन परत येतं? हितनं तरी कदी तुमी परत द्याल, असं वाटलं."

मी मुलींच्या विभागाकडे धावले. तिथे पाण्याचा मोठा हौद होता, मुली त्यात भांडी बुडवून पाणी घेत. छबू चटईवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. "हट्टी आहे हो," मेट्रनबाई म्हणाल्या, "ताटातली आमटी तेवढी पिते, पण हौदाशी नेलं की किंचाळते. उद्यापर्यंत तहान आणील वळणावर." त्यांना तरी कोणत्या तोंडाने बोलणार? भरल्या घागरी असलेल्या घरातून तिला मी उचलून आणले होते.

सोनाबाईने लोटा अर्धा भरला, तिच्या शेजारी बसली आणि फक्त "छबे" म्हणाली. पोर वळली. लोटा दोन्ही हातांत घेऊन प्याली. पुन्हा प्याली. तिसऱ्यांदा प्याली. मग तोंड पुसून उठली, सोनाबाईचा पदर धरला आणि म्हणाली, "चल."

सोनाबाईने माझ्याकडे पाहिले. मला म्हणता आले नाही, न्या. हुकूम कोर्टाचा होता, तो निघाला होता माझ्या अहवालावर, आणि पुढची तारीख नऊ दिवसांवर होती. हे मी त्या मुलीला समजावून सांगितले. काय सांगितले ते आठवत नाही, पण ती ऐकताना माझ्याकडे बघत नव्हती एवढे आठवते.

काढलेल्या मुलाला पूर्वीच्या घरच्यांनी भेटायचे नाही, असाही एक नियम होता. मी मेट्रनबाईंना सांगितले, "ही बाई तात्पुरती पाणी भरायला ठेवली आहे." फार खोटे नव्हते. सोनाबाई नऊ दिवस आमच्याकडे राहिली, रोज शंभरेक घागरी ओढल्या आणि अधूनमधून एक लोटा अर्धा भरला. पिकाचे काय झाले, सखाराम काय खात होता, मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

त्या नऊ दिवसांत मला झोप म्हणून आली नाही. विहिरीचे लिहिले तर सोनाबाईची भीती खरी ठरायची, डॉक्टरी तपासणी आणि मग कुठे रवानगी होईल ते कुणी सांगावे. न लिहिले तर मूल परत देण्याला कारण काय दाखवायचे? अधीक्षक व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "लिहा, घरातील परिस्थितीत सुधारणा झाली आहे. तुमचंही नाव राहील, मुलगीही जाईल." आणि मी तसे लिहिले. माझे नाव मला प्यारे होते.

आमच्या मॅजिस्ट्रेट वयस्क बाई होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी माझा नवा अहवाल बाजूला ठेवला आणि जुना उघडला. "बारा-तेरा दिवसांत घर सुधारलं?" त्यांनी मी रेघा मारलेले वाक्य मोठ्याने वाचले. "'आई म्हनती, तू पान्याला हात न्हाई लावायचा.'" मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हिची आई तर मयत आहे ना? मग ही आई कोण?"

मी ते वाक्य लिहिले होते, त्याखाली रेघा मारल्या होत्या, ते चार ठिकाणी उद्धृत केले होते. त्यातला पहिला शब्द मी तोवर वाचलाच नव्हता. थोड्याच महिन्यांत त्या पोरीच्या तोंडी आई शब्द आला होता, आणि मी पाण्याच्या मागे लागले होते.

मी म्हटले, "सुधारणा काही झालेली नाही. घर आधीपासून चांगलंच होतं. माझं चुकलं. ती पाण्याला का हात लावत नाही ते मला आता कळलं आहे, पण ते त्या मुलीचं आहे, मी सांगणार नाही. हवं तर माझ्यावर ठपका ठेवा."

मॅजिस्ट्रेटबाईंनी लेखणी खाली ठेवली. मागच्या बाकावर सोनाबाई बसली होती. त्यांनी छबूला जवळ बोलावले. "कुणाकडं जायचं, बाळ?"

छबूने आमच्या कुणाकडेच पाहिले नाही. हात लांब करून बाक दाखवला. "आईकडं."

हुकूम फिरला. माझ्या नोकरीच्या कागदांत ठपकाही आला, तो मला मान्य आहे.

त्यानंतर जवळजवळ सहा वर्षे मी निघोज्याला जात राहिले. पोस्टकार्ड टाकून जाई. पाणी मागत नसे, तिथे नाही आणि हळूहळू कुठेच नाही. सोनाबाई मात्र पहिल्यासारखीच "बसा बाई" म्हणे, चहा करी. तिच्या मनात काही राहिले नव्हते. छबूच्या मनात होते. मी दिसले की ती आत जाई, आणि मी निघेपर्यंत सोनाबाईचा पदर सोडत नसे. मी आले की आपल्याला नेतात, हे तिने एकदा पाहिले होते.

शेवटच्या भेटीला गेले तेव्हा छबू चौदा संपत आलेली होती. त्या भेटीनंतर तिची फाईल बंद होणार होती. उन्हातून चालून माझ्या घशाला कोरड पडली होती. ओसरीवर छबू एकटीच होती.

"सोनाबाई कुठे आहेत?"

"आई रानात गेलीया."

मी टेकले आणि सवयीने वही काढली. छबूने वहीकडे पाहिले. मग उठून आत गेली. रांजणावरचे झाकण काढल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर कसलाच आवाज आला नाही. मला हाक मारावीशी वाटली, राहू दे पोरी, मला तहान नाही. मी ओठ घट्ट मिटून बसले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तांब्या पाण्यात बुडल्याचा आवाज आला.

ती बाहेर आली तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत ओला होता आणि तांब्या काठोकाठ भरलेला. चेहऱ्यावर घाम होता. तिने तांब्या माझ्यापुढे ठेवला, दोन पावले मागे सरकली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "घ्या. आन लिवा आता."

मी तांब्या तळापर्यंत रिकामा केला. मग तिच्यासमोरच वही उघडली, लिहिले आणि तिला वाचून दाखवले : "आई रानात गेली आहे. पाणी छबूने आणले."